फुकट्याच्या दिवसांत तू गेलीस

पाळी फुकट्याची होती, कुंदा.

दिवस त्याचे सांगितले होते. जनावरांच्या दवाखान्यातला कागद त्याच्या नावाचा होता, त्यावरच्या गोळ्या त्याच्या होत्या. मी मनाची तयारी केली होती ती एका तेरा वर्षांच्या कुत्र्यासाठी. खड्डा पेरूच्या झाडाखाली करायचा हेही आपलं ठरलं होतं. जागा तूच पायानं रेघ ओढून दाखवली होतीस. आणि आज दहा दिवस झाले, समोरच्या खोलीत फोटो तुझा लागला आहे. भेटायला कोणी आलं, कसं झालं म्हणून विचारलं, की मी सांगायला लागतो, "फुकट्या आजारी होता..." लोक एकमेकांकडे पाहतात. निखिल माझ्या खांद्यावर हात ठेवतो. त्याला वाटतं, बापाच्या डोक्यावर परिणाम झाला. पण मला दुसरीकडून सुरुवातच करता येत नाही.

इथं बालाघाटच्या कोर्टात सारी नोकरी हिंदीत लिहिण्यात गेली. तुझ्याशी मात्र जे बोललो ते आपल्याच बोलीत, म्हणून हे मराठीत लिहून राह्यलो. तू तुमसरच्या मराठी शाळेत शिकलेली. माझ्या ऱ्हस्व-दीर्घाला हसायचीस, किराण्याची यादीसुद्धा लाल पेनानं दुरुस्त करायचीस. आता चुका राहतील तशा राहू दे.

तो आला त्या संध्याकाळी मी दारातच उभा होतो. आपल्या जिल्ह्यातल्या खैरलांजीकडच्या तुझ्या शाळेतून तू रोजच्या बसनं परत यायचीस. त्या दिवशी तुझ्या पिशवीत वह्यांच्या वर एक तांबडं पिल्लू बसलेलं. खैरलांजीच्या स्टँडवर ते बसमध्ये चढलं, तुझ्या सीटखाली शिरलं आणि बालाघाट येईपर्यंत निघालं नाही. कंडक्टर म्हणाला, "मैडम, इसका भी टिकट लगेगा." हे सांगताना तू हसत होतीस. मी म्हणालो, "फुकट्या आहे साला. बाहेर ठेव." तू बाहेर ठेवलं नाहीस, नाव मात्र तेच ठेवलंस.

मला कुत्रा नको होता. हे तुला माहीत होतं, त्यालाही माहीत होतं. घरातले त्याच्यासाठीचे सगळे नियम माझे होते. दिवाणावर चढायचं नाही, स्वयंपाकघरात यायचं नाही, जेवताना ताटाकडे पाहत बसायचं नाही. मासोळी तर नाहीच, काटा अडकला म्हणजे कोण धावत जाईल? तो बिचारा उंबऱ्यावर पुढचे दोन पाय बरोबर रेषेवर ठेवून बसायचा. तू म्हणायचीस, "तुमच्या कोर्टातल्या पक्षकारापेक्षा हाच जास्त कायदा पाळते जी."

दिवाळीनंतर त्यानं खाणं सोडलं. पाणी मात्र भांडंच्या भांडं प्यायचा आणि लगेच ओकायचा. आपण ऑटोनं त्याला दवाखान्यात नेलं. ती तरुण डॉक्टर जमिनीवर बसून त्याला तपासत होती हे तुला आवडलं. रक्त तपासलं. दुसऱ्या दिवशी तिनं आपल्या दोघांना खुर्चीवर बसवलं, आणि खुर्ची दिली तेव्हाच मी समजलो.

"आंटी, दोनों किडनी जवाब दे रही हैं. पंद्रह दिन, बहुत हुआ तो महीना. अब इसे जो अच्छा लगता है, वही कीजिए." मग म्हणाली, तकलीफ फारच वाढली तर एक इंजेक्शन असतं, त्यानं तो शांत झोपेल. त्या शब्दाला तू उठूनच उभी राहिलीस.

परत येताना ऑटोत तो तुझ्या मांडीवर होता. तू म्हणालीस, "ऐकता का जी? आजपासून याले 'नाई' म्हणायचं नाई. तेरा वर्षं लय म्हटलं."

"मी म्हटलं?"

"मंग कोण म्हटलं?"

दुसऱ्या दिवशी तू रजेचा अर्ज लिहिलास. एवढ्या वर्षांच्या नोकरीत निखिलच्या वेळचं बाळंतपण सोडलं तर तू कधी रजा घेतली नाहीस. माझ्यासाठीही नाही, माझं पोटाचं ऑपरेशन झालं तेव्हा तू शाळा करून दवाखान्यात यायचीस. अर्जात कारण लिहिलंस, परिवार में बीमारी. मी वाचून हसलो. "परिवारात कोण आजारी आहे?" तू पेनाचं टोपण लावत म्हणालीस, "तो परिवारात नाई का? तुमच्याइतकंच खाते, तुमच्यापेक्षा कमी कुरकुरते."

आता त्या ओळीकडे पाहवत नाही. अर्जाची प्रत तुझ्या पर्समध्येच सापडली. परिवार में बीमारी. होतीच ना, कुंदा. आपण चुकीच्या माणसाला, म्हणजे चुकीच्या जिवाला, दवाखान्यात नेत होतो.

ते अठरा दिवस मला पुन्हा पुन्हा आठवतात. पहिल्या संध्याकाळी तू त्याला दिवाणावर बोलावलंस. त्याला चढताच येईना. चढायचं असतं हेच माहीत नव्हतं. पुढचे दोन पाय वर ठेवून तो माझ्याकडे पाहत राहिला, आपण चूक करतो आहोत का म्हणून. मी पेपर वर धरला. तू त्याला उचलून वर घेतलंस, शाल घातलीस आणि मला म्हणालीस, "तुम्ही खाली बसा न थोडे." मी बसलो. निवृत्त बाबू खाली सतरंजीवर आणि फुकट्या दिवाणावर. तू व्हिडिओ करून निखिलला रायपूरला पाठवलास.

मग मासोळी. पहाटे उठून वैनगंगेची ताजी मासोळी आणायची, नुसत्या हळदीत उकडायची, अंगणात पाटावर बसून बोटांनी एकेक काटा काढायचा. काटे डावीकडे, गर उजवीकडे. इतक्या निगुतीनं तू माझ्यासाठी कधी काही केलं का, असं मी एकदा म्हणालोसुद्धा. तू मान वर न करता म्हणालीस, "तुमची पाळी आली की पाहू." दोघंही हसलो. आपल्याला पाळी म्हणजे रांगेसारखी वाटत होती, पुढचा सरकला की मागच्यानं सरकायचं.

आणि ते रेल्वे फाटक. तरुणपणी त्याला गाड्यांवर भुंकायचा नाद होता, आठवतं? तू म्हणालीस, एकदा तरी भुंकू द्या त्याले. स्कूटीवर पुढं पायाशी त्याला शालीत गुंडाळून बसवलंस, मी मागं. फाटक बंद होईपर्यंत अर्धा तास आपण उन्हात उभे. शेवटी मालगाडी आली. डबे जाऊन राह्यले, आणि हा नुसता बघतोय. मान खाली घातली त्यानं. आणि कुंदा, तू भुंकलीस. सत्तावन्न वर्षांची मास्तरीण, भर फाटकात, मालगाडीकडे तोंड करून, "भू! भू! भू!" दोन्हीकडच्या मोटरसायकली वळून पाहायला लागल्या. मी हळूच चार पावलं बाजूला सरकलो, जसा काही मी तुमच्याबरोबर नव्हतोच. त्यानं आधी तुझ्याकडे पाहिलं, मग गाडीकडे, आणि एकदाच भुंकला. बसक्या आवाजात, एकदाच. तू मला हाक मारलीस, "ऐकलं का जी?" मी लांबूनच मान हलवली.

ती चार पावलं मला आता सोडत नाहीत. कशाला सरकलो मी? कोण ओळखीचं होतं तिथं?

बाराव्या दिवशी तू म्हणालीस, जिथून हा आला तिथं याला नेऊ. माझी कंबर धरलेली, म्हणून त्याला उचलायचं काम तुझ्याकडेच होतं. बसमध्ये चढवायचं तू, उतरवायचं तू. वीस किलोचा तरी असेल, हाडं झाला होता तरी. खैरलांजीच्या स्टँडवर तो उतरला, दोन खांब हुंगले, एका चहावाल्याच्या बाकाखाली जाऊन बसला. तुझ्या शाळेतल्या दोन पोरींच्या आया धान विकायला आल्या होत्या, त्यांनी तुला ओळखलं. "मॅडम, कुत्र्याले फिराले आनलं?" म्हणून तोंडाला पदर लावून हसल्या. तू म्हणालीस, "हौ. माहेरी आणलं."

परतीच्या बसनं आपण रामपायलीला उतरलो. मंदिराखाली नदीच्या पायऱ्यांवर बसलो. थंडीचं ऊन होतं, गर्दी नव्हती. फुकट्या पोटापर्यंत पाण्यात जाऊन उभा राहिला, नुसता उभा. तू चपला काढून पाय पाण्यात सोडलेस. इतक्या वर्षांत तू कितीदा म्हणाली असशील, सुट्टीत कुठं जाऊ जी. कधी माझी तारीख, कधी साहेब नवे, कधी निखिलची परीक्षा. निवृत्त झाल्यावर म्हणालो, आता तुझी नोकरी संपू दे. आणि त्या अठरा दिवसांत एका कुत्र्याच्या निमित्तानं आपण जेवढं हिंडलो तेवढं लग्नानंतर हिंडलो नव्हतो.

तिथंच तू म्हणालीस, "खांदा दुखून राह्यला जी. जरा दाबून द्या."

डावा खांदा, कुंदा. मी दाबून दिला. म्हणालो, "त्याले उचलू नको इतकं." तू म्हणालीस, "मंग काय तुम्ही उचलसान?" आणि डोळे मिटून बसून राहिलीस. मला वाटलं, ऊन बरं वाटतंय.

त्याच पायऱ्यांवर आपलं इंजेक्शनवरून पुन्हा वाजलं. विषय मीच काढला. म्हणालो, त्याचे हाल होण्याआधी डॉक्टरला सांगून ठेवू. तू ताडकन म्हणालीस, "तुम्हाले फाईल बंद करायची घाई. सारी जिंदगी तेच केलं."

"हाल पाहवत नाहीत म्हणून म्हणतो."

"पाहवत नाई ना? मंग तुम्ही पाहत कुठं असता? बाबा गेले तेव्हा तुम्ही व्हरांड्यात होते. आतून हाक मारली तरी आले नाई. माझी माय गेली तेव्हा डॉक्टरले आणतो म्हणून निघून गेले, डॉक्टर घरातच होता." तू ओरडत नव्हतीस, हेच वाईट होतं. "मले इंजेक्शनचं काई नाई जी. पण त्याले त्या लोखंडी टेबलावर ठेवून तुम्ही बाहेर जाऊन उभे राहाल. आन् माझ्यानं एकटीनं होणार नाई. मरताना जवळ कोणी पाह्यजे. बस, एवढंच."

माझ्याकडे म्हणायला होतं. वडिलांच्या खोलीत मी का गेलो नाही, हे मी तुला कधी सांगितलं नाही. मला भीती वाटायची. दुसरं काही कारण नव्हतं. मोठ्या माणसाला एवढंच कारण सांगायची लाज वाटते, म्हणून मी डॉक्टर, औषध, रिक्षा असं काहीतरी आणायला निघतो. हे त्या पायऱ्यांवर सांगितलं असतं तर तू काय म्हणाली असतीस कोण जाणे. मी म्हणालो, "बसची वेळ झाली."

त्यानंतरचे सहा दिवस तू दमलेली असायचीस. छातीत जळजळते म्हणायचीस, मी गॅसची गोळी द्यायचो. त्या अठरा दिवसांत फुकट्याला आपण तीनदा दवाखान्यात नेलं. रक्त, लघवी, सलाईन. मी त्याच्या भांड्यातलं पाणी किती कमी झालं ते पाहायचो, त्याच्या हिरड्यांचा रंग डॉक्टरनं सांगितला तसा रोज सकाळी बघायचो. तुझ्याकडे पाहिलंच नाही. तू समोर होतीस, कामात होतीस, मला टोमणे मारत होतीस. अशा माणसाकडे कोण निरखून पाहतं?

निखिल म्हणतो, "पप्पा, आपको कैसे पता चलता?" डॉक्टरही म्हणाले, बायकांच्या हृदयाचं असं अनेकदा कळत नाही. सगळे मला सोडवायला बघतात. तू असतीस तर सोडलं नसतं. दोन दिवस बोलली नसतीस, मग तिसऱ्या दिवशी चहा देताना म्हणाली असतीस, "जाऊ द्या आता." मला तो तिसरा दिवस पाहिजे आहे.

आता ती सकाळ. ती मी अजून कोणाला पूर्ण सांगितलेली नाही.

दोन दिवस त्यानं तोंडाला काही लावलं नव्हतं. तू तरी मासोळी आणलीस. अंगणात खांबाला टेकून पाटावर बसलीस. तो समोर पोतं अंथरलं होतं त्यावर. मी बाजेवर. तू म्हणालीस, "जरा पाणी द्या जी." आवाज नेहमीचा होता, अगदी नेहमीचा. मी आत गेलो. तुझा स्टीलचा गिलास जागेवर नव्हता, तो शोधला, विसळला, माठातून पाणी घेतलं. दोन मिनिटं. तीन असतील.

बाहेर आलो तर तू खांबाला टेकलेलीच होतीस, मान थोडी खाली. मला वाटलं काटे पाहतेयस. फुकट्या सरकत सरकत ताटाशी आला होता आणि खात होता. दोन दिवसांनी खात होता. मला आनंद झाला, कुंदा. मी म्हणालोसुद्धा, "पाह्य, खाऊन राह्यला!" मग त्यानं गर संपवून तोंड डावीकडे नेलं, काट्यांकडे. आणि तुझा हात आडवा आला नाही.

तिथं मला कळलं. अजून तुला हाक मारली नव्हती, हात लावला नव्हता, तरी कळलं.

पुढचं मला तुकड्यातुकड्यानं आठवतं. गिलास माझ्या हातात तसाच होता. शेजारच्या पुष्पाबाई ओरडल्या म्हणून मला कळलं की मी ओरडत होतो. मी रस्त्यावर पळालो. ऑटो आणायला. पुष्पाबाईंच्या दारातच त्यांच्या जावयाचा ऑटो उभा होता आणि मी चौकापर्यंत अनवाणी पळत गेलो. पुन्हा तेच केलं मी. जिल्हा रुग्णालयात डॉक्टरांनी तुझ्या डोळ्यांत उजेड टाकून पाहिला आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "साथ में और कौन है?" मी म्हणालो, "घर पे कुत्ता है." खरंच असं म्हणालो.

तुला घरी आणलं तेव्हा ताट अंगणातच होतं, चाटून स्वच्छ. मी त्याला लाथ मारली. लोकांसमोर. तो ओरडलाही नाही, बाजूला सरकला. तुझ्या बोटांना मासोळीचा वास होता, हळद लागली होती, आणि यानं खाऊन घेतलं होतं. सहा दिवस मी त्याच्याकडे पाहिलं नाही. पाणी निखिल ठेवत होता.

सातव्या दिवशी पुण्यानुमोदन झालं. विहारातले सगळे आले, तुझ्या शाळेच्या बायका खैरलांजीवरून बसनं आल्या. भंतेजींनी वंदना घेतली. मी ओठ हलवत होतो. खीर वाढताना पुष्पाबाई मला समजावत म्हणाल्या, "भाऊजी, बाईनं आपलं आयुष्य त्या मुक्या जिवाले देल्लं." बऱ्याच जणांनी माना डोलावल्या. मला इतका राग आला. तू काय म्हणाली असतीस ते मला बरोबर ऐकू आलं, "आयुष्य काय साखर-चायपत्ती आहे का, शेजारी वाटीभर द्यायले?" आणि त्या सगळ्या माणसांत मला हसू फुटलं. निखिलनं मला आत नेलं.

आत फुकट्या होता. आपल्या खोलीत, पलंगाखाली, तुझ्या चपलांवर हनुवटी ठेवून वगैरे नव्हे, तसं काही नाही. भिंतीकडे तोंड करून नुसता पडला होता, दुखत असल्यासारखा. मी दार लावून खाली बसलो. आणि पहिल्यांदा एक गोष्ट माझ्या डोक्यात शिरली. मी गिलास शोधत होतो तेव्हा हा तुझ्यासमोर होता. हातभर अंतरावर. तू गेलीस तेव्हा जवळ कोणीतरी होतं, आणि तू काढून ठेवलेलं ते खात होतं. तुझ्या डोळ्यांना शेवटचं काय दिसलं असेल? दोन दिवसांचा उपाशी खायला लागला, हे दिसलं असेल का? तसं असेल तर मी त्याचा फार मोठा ऋणी आहे, कुंदा. नसेल, तरी तू एकटी नव्हतीस. मी त्याच्या बरगड्यांवर, जिथं लाथ मारली होती तिथं हात ठेवला. त्यानं श्वास सोडला.

त्या दिवसानंतर तो दिवाणावर आणि मी खाली सतरंजीवर. निखिल दारातून पाहायचा. एकदा म्हणाला, "पप्पा, इसको इतना तो मम्मी ने भी सर पे नहीं चढ़ाया था."

काल सकाळी त्याला उठता आलं नाही. मान एका बाजूला ओढली जात होती, तोंडातून फेस, आणि तो आवाज. तू तो आवाज ऐकला नाहीस ते बरं झालं. तासभर मी तुझ्याशी भांडलो. मनातल्या मनात, पण पूर्ण भांडण. तुझी वाक्यंही मीच बोललो. मग निखिलला म्हणालो, "डॉक्टरले बोलाव. पण दवाखान्यात नाई नेणार. इथं बोलाव, दिवाणावर."

ती आली. तुझं कळलं होतं तिला. तुझ्या फोटोसमोर उभी राहून तिनं हात जोडले, डोळे पुसले आणि मग बॅग उघडली. त्याला पाहिलं, म्हणाली, हाँ अंकल, अब वक्त है. पहिली सुई झोपेची, दुसरी नंतरची. मग तिनं माझ्याकडे पाहिलं.

"अंकल, आप चाहें तो बाहर बैठ जाइए. हम कर लेंगे."

दार उघडंच होतं. बाहेर ऊन होतं. माझे पाय वळले, तुला खोटं सांगत नाही. निखिलनंही खुर्ची मागं सरकवून मला वाट करून दिली.

मी म्हणालो, "नाई. मी इथंच आहे."

दिवाणावर चढून बसलो. त्याचं डोकं मांडीवर घेतलं. खूप जड नव्हतं ते. पहिली सुई दिली तेव्हा त्यानं माझ्याकडे पाहिलं. भीती वाटत होती मला. डोळे मिटावेसे वाटत होते, पण मी त्याच्या डोळ्यांतच पाहत राहिलो, त्याचे मिटेपर्यंत. मग नाव घेत राहिलो. फुकट्या, फुकट्या, फुकट्या, असं. दुसऱ्या सुईनंतर डॉक्टरनं स्टेथोस्कोप लावला, बराच वेळ ऐकलं आणि माझ्या हातावर हात ठेवला. अवघड असेल असं मला वाटायचं. अवघड नव्हतं, कुंदा. फार हळू होतं आणि मग झालेलं होतं. एवढ्यासाठी मी सगळा जन्म बाहेर काढला.

निखिलनं पेरूखाली खणलं. मी माती लोटली. नळावर हातपाय धुतले. घर इतकं शांत होतं की नळाचं थेंब थेंब गळणं ऐकू येत होतं. आणि मला काय वाटलं सांगू? बरं वाटलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी एक काम शेवटपर्यंत केलं होतं आणि ते जिला सांगायचं तिला केव्हा सांगतो असं मला झालं होतं. ओल्या हातांनीच मी आत निघालो, भराभर, तू पोळ्या लाटत असशील अशा वेळेला.

स्वयंपाकघराच्या दारात पोचलो होतो. "कुंदा, मी नाई गेलो बाहेर," एवढं म्हणूनही झालं होतं.